टीनाची पंगत

आसगावपासून कोंढ्यापर्यंत कोणाच्याही घरी लग्न निघालं, की लोकं आधी मुहूर्त पाहतात अन् मंग जागेश्वर आचाऱ्याले फोन करतात. काही जण तर आधी मले फोन करतात, मी मोकळा आहे का ते पाहतात, अन् मंग मुहूर्त काढतात. हे मी नाही म्हणत, लोकं म्हणतात. मी फक्त अधूनमधून त्याईले आठवण करून देतो.

तर हा जागेश्वर आचारी म्हणजे मीच. शेती थोडी आहे, पण खरी जायदाद म्हणजे माझी वांगे-आलूची भाजी. लग्न असो का तेरवी, माणसं भाजी भातावर घेतात, बोटं चाटतात अन् इचारतात, आचारी कोण आहे गा? मी तेव्हा मंडपाच्या मागं भट्टीजवळ उभा असतो. ऐकू येत नाही असं दाखवतो, पण कान तिकडेच असतात.

शिकलो मी पवनीच्या भैय्याजीकडे. भैय्याजी मोठा कडक माणूस. रांधताना चाखाचं नाही, असं त्याचं म्हणणं. चाखलं की उष्टं झालं, अन् उष्टं देवाले कसं दाखवाचं? मीठ कमी का जास्त, ते वाफेच्या वासावरून ओळखाचं. असं ओळखता येते हे मी सगळ्याईले छातीठोक सांगतो. खरंच येते का, ते मलेही पक्कं माहीत नाही, पण आचाऱ्याच्या हातात झारा असते तोवर कोणी तक्रार करत नाही. अन् भैय्याजीचा दुसरा नेम म्हणजे शेवटची पंगत उठल्याबिगर आचाऱ्यानं घास तोंडात टाकाचा नाही. पाहुणा उपाशी अन् आचारी ढेकर देऊन राहिला, तर त्या मांडवाची काय शोभा राहिली? हे नेम मी आजवर मोडले नाही. त्यापायी पित्त जडलं, पण नेम तो नेम.

घरी मात्र मी झाऱ्याले हात लावत नाही. डॉक्टर घरी आल्यावर बायकोले सुई टोचते का? घरचं रांधणं निर्मलाबाईकडे. बायकोले मी बाईच म्हणतो, तिचा दराराच तसा आहे. माझ्या लग्नाच्या ऑर्डरीत ती कधी येत नाही. आचाऱ्यानं फुकटात घरचे पंगतीले बसवले, असं कोणी म्हणू नये म्हणून. मी येताना तिच्यासाठी डब्यात भाजी आणतो. मी येतो तोवर ती झोपलेली असते, मंग सकाळी शिळ्या भातासंगं खाते. कशी झाली होती इचारलं तर म्हणते, बरी होती. साऱ्या तालुक्यात माझ्या भाजीले बरी म्हणणारी ती एकटीच.

होळी होऊन गेली अन् आमची एकुलती एक पोरगी रुचिका नागपूरवरून घरी आली. नागपुरात ती कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. आता बंगलोरच्या मोठ्या कंपनीनं बोलावलं होतं. ह्या नोकरीसाठी पोरीनं मोप परीक्षा देल्ल्या, मोप मुलाखती देल्ल्या, हरेक वेळी शेवटल्या फेरीत नाव जाये. यंदा लागलं. मी साऱ्या गावाले पेढे वाटले. फक्त ती आली तवा तिच्यासंगं गाडीतून एक पिवळी कुत्री उतरली, वासराएवढी. नाव टीना.

“बाबा, तिथं हॉस्टेलात कुत्रं चालत नाही,” रुचिका म्हणली. “मले घर भेटेपर्यंत हिले तुमी ठेवा.”

“घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं,” निर्मलाबाई म्हणली. व्याही अजून ठरलाच नव्हता, पण घोडं येऊन पोचलं होतं.

मी मात्र म्हणलो, ठेव बापा, बिनधास्त ठेव. पाचशे माणसाले जेवू घालणारा मी, एक कुत्री मले जड आहे का? हे वाक्य मी फाटकापाशी उभं राहून, शेजारच्या टेकचंदले ऐकू जाईल अशा आवाजात बोललो. टेकचंद हा मंडपवाला. माझं रांधणं अन् त्याचा मंडप, अशी आमची जोडी. त्यानं ते वाक्य ध्यानात ठेवलं अन् पुढे मले दर दोन दिवसानं वाजवून वाजवून परत केलं.

रुचिका होती तोवर टीना चांगली खाये. दोघी ओसरीवर खालीच बसत. रुचिका ताटात अन् टीना थाळीत. पोरगी गेली अन् टीना फाटकाशी जाऊन बसली. तिच्यासाठी ठेवलेल्या तयार खाण्याची थैली तशीच, बिस्किटाचा पुडा तसाच. मी थाळीत टाकतो, ती एक डाव थाळीकडे पाहते, एक डाव माझ्याकडे पाहते, अन् मान पायावर ठेवते. पाणी तेवढं पिऊन राहिली होती.

खरं सांगू का, मले मनातून आनंद झाला. म्हणलं, फॅक्टरीचा माल आहे, कोणी समजदार जीव कायले खाईन? आता हिले जागेश्वर आचाऱ्याचा हात दाखवतो. रुचिकाले फोन लावला अन् म्हणलो, मी घरीच बिस्किटं बनवतो, काय काय घालू ते सांग.

“बाबा, काय नाही घालाचं ते आधी ऐका. मीठ नाही. साखर नाही. कांदा-लसूण तर बिलकुल नाही, त्याईले जहर असते. तिखट नाही, मसाला नाही. तेल नाहीच म्हणा.”

मी बोटावर मोजत गेलो. मीठ गेलं, तिखट गेलं, कांदा-लसूण गेला, तेल गेलं. मंग आचारी कायले पाहिजे? उरलं पीठ अन् पाणी. त्याले आमच्याकडे रांधणं नाही म्हणत, खळ म्हणतात. त्यानं पत्रिका चिकटवतात.

तरी केली. पण माझा हात पाचशे पानाचा. एका कुत्रीच्या मापानं मले पीठ घेताच येत नाही. थोडंसंच म्हणत म्हणत घमेलंभर कणीक मळून बसलो. घरी ओव्हन नाही, म्हणून मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, वाळू तापवली, आत ताटली ठेवली, वरून झाकण, झाकणावर निखारे. निघाली ती बिस्किटं अशी, की टेकचंदनं एक उचललं, दातानं पाह्यलं, अन् दुसऱ्या दिवशी मंडपाच्या डुगडुगणाऱ्या खांबाखाली सारलं. म्हणे, भाऊ, अजून चार भेटतील का?

टीनानं नुसता वास घेतला अन् माझ्या तोंडाकडे पाह्यलं. मी म्हणलो, गाढवाले गुळाची चव काय. पण ते म्हणताना आवाजात दम नव्हता.

दुसऱ्या वेळी तांदळाचं पीठ घेतलं. कोहळं शिजवून घातलं, अंडं फोडलं. नरम झाली, रंग बी सोन्यासारखा आला. तिनं माझ्याकडे पाह्यलं. तिसऱ्या वेळी तलावातले वाळवलेले झिंगे कुटून टाकले. अख्ख्या गल्लीत वास सुटला. शेजारपाजारच्या मांजरी छपराच्या कवेलूवर येऊन बसल्या, दोन घरं सोडून राहणारी म्हातारी काठी टेकत इचारायले आली, कोणाकडे पाहुणे आले का म्हणून. टीनानं वास घेतला, जीभ बी फिरवली, तोंडातून लाळ गळाली, अन् तिनं पुन्हा माझ्याकडे पाह्यलं. खाल्लं नाही.

नाही खाल्लं तर थाळी मी किती वेळ ठेवणार? मुंग्या लागतात. मी ती उचलून बाहेर रस्त्यावर न्यायचो, गावच्या कुत्र्याईले टाकायचो. मंग आत येऊन दार लोटून स्वतः जेवायचो. उपाशी जीवासमोर बसून जेवणं मले नाही जमत. तेवढी लाज मले आहे. अन् टीना तर पाहुणी, लेकीनं विश्वासानं ठेवलेली. तिची पंगत उठल्याबिगर मी ताटावर बसलो नाही. कधी कधी दुपार कलून जाये. मी तिची वाट पाहून राहिलो, अन् निर्मलाबाई माझी वाट पाहून राहिली. मी घरी असलो की मी जेवल्याबिगर ती जेवत नाही, हा तिचा नेम. पोटात कावळे ओरडले की ती भांडी जोरानं आदळे, अन् मले वाटे तिले कुत्री आवडत नाही.

गावच्या कुत्र्याईले मात्र माझा हात लागला. कोंढ्याच्या लग्नाले मोटरसायकलवर निघालो तर मागून आठ-दहा कुत्री, शेपट्या हालवत, गावाच्या शिवेपर्यंत. लोकं ओट्यावर उभं राहून पाहून राहिले. टेकचंद मागच्या सीटवर बसला होता. तो म्हणे, भाऊ, आज नवरदेवापेक्षा तुमची वरात मोठी आहे. त्या दिवशी लग्नात कोणीतरी पंगतीतून इचारलं, आचारी कोण आहे गा? तर दुसरा म्हणे, तोच, कुत्र्याईचा. मी झारा खाली ठेवला अन् पाणी प्यायलो.

इकडे टीनाच्या फासळ्या दिसू लागल्या. मी तिच्यासाठी ओसरीत कूलर लावला, जो मी स्वतःसाठी कधी उन्हाळ्यात लावला नाही, लाईट बिल येते म्हणून. ढोराच्या डॉक्टरले घरी आणलं. त्यानं ताप पाह्यला, पोट दाबलं, दात पाह्यले. म्हणे, बिमारी काही नाही, हिले करमून नाही राहिलं. एक सुई देल्ली अन् म्हणे, अशीच राहिली तर नागपूरले न्या, पण काही सांगता येत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी रुचिकाचा व्हिडिओवाला फोन आला. मी आजवर मोबाईल माझ्याच तोंडापुढे धरून ‘मस्त आहे, मस्त आहे’ करत होतो. पण निर्मलाबाईनं माझ्या हातून तो घेतला अन् टीनाकडे फिरवला. रुचिकानं ‘टीना’ म्हणून हाक मारली. टीनानं तिचा आवाज ऐकला अन् उठून मोबाईलचा मागचा भाग चाटला.

“बाबा, मी येऊन राहिली,” रुचिका म्हणली.

“सुट्टी भेटली का?”

“सुट्टी नाही भेटत नवीन माणसाले. नोकरी सोडून येऊन राहिली. नागपूरची जुनी कंपनी घेईल तर घेईल. तिले मारून मले नोकरी नाही कराची. रविवारचं तिकीट काढते.”

मी लय समजावलं. ती रडून राहिली होती, पण बोलणं पक्कं होतं. तिचा हा स्वभाव माझ्यावरच गेला, नेम तो नेम. फोन ठेवला अन् मले पहिल्यांदा भीती वाटली. लेकीनं जन्मभर घासून कमावलेली नोकरी आता एका कुत्रीच्या घासावर येऊन टेकली होती, अन् तो घास घालणारा होता पाचशे पानाचा फेमस आचारी. मी ओसरीत बसून टीनाले हात जोडले. खरंच जोडले. म्हणलो, बाई, खा वं. काय पाहिजे तुले ते सांग.

सकाळी उठलो, अंघोळ केली अन् पळसाची पानं तोडून आणली. म्हणलं, आता पानगे. आपल्या आज्यापणज्यानं ज्याच्यावर शेतात दिवस काढले, ते तरी हिच्या गळ्याखाली उतरेल. तांदळाचं पीठ, अंडं, कोहळं, कुटलेले झिंगे. ह्या डाव मूठभरच मळलं, जन्मात पहिल्यांदा. थापून पानात गुंडाळलं अन् अंगणात गोवऱ्याच्या निखाऱ्यावर ठेवलं. वरून अजून निखारे. पान जळत आलं तसा असा खमंग वास आला, की टीना फाटक सोडून माझ्यापाशी येऊन बसली. आशा वाटली. पानगे काढले, राख झटकली, फुंकून फुंकून निवते केले अन् थाळीत ठेवले.

तिनं थाळीकडे पाह्यलं. लाळेचा धागा जमिनीले लागला. मंग तिनं माझ्या तोंडाकडे पाह्यलं अन् पाहतच राहिली.

“खात नाही,” मी म्हणलो. “हे बी खात नाही. संपलं. जाऊ दे, पोरीले सांग तिकीट काढ म्हणून.”

निर्मलाबाई दारात उभी होती. सूप हातात, तांदूळ निवडत. ती म्हणली, “अवो, तुमी खा ना आधी.”

“मी?”

“मंग कोण? ती तुमच्या तोंडाकडे पाहून राहिली, ते दिसत नाही का? थाळी मांडली की तुमच्याकडे पाहते. तुमी थाळी उचलता अन् आत जाऊन दार लावून जेवता. तिनं कवा खाचं? तुमी जेवल्याबिगर ती जेवत नाही. माझ्यासारखीच आहे.”

मी इचारलं, “तुले हे माहीत होतं?”

“पहिल्याच दिवशी वाटलं होतं.”

“मंग सांगतलं काहून नाही?”

“मले कोणी इचारलं?” ती म्हणली अन् सूप झटकलं. “रोज नवीन नवीन माल काढून राहिले होते. म्हणलं, मोठे आचारी आहेत, त्याईले कळत असेल.”

आता माझी पंचाईत पाहा. रांधलेलं चाखाचं नाही, हा एक नेम. पाहुण्याच्या आधी खाचं नाही, हा दुसरा नेम. दोन्ही एका घासात मोडणार होते, अन् तो घास होता कुत्रीच्या बिस्किटाचा. त्यातच टेकचंद फाटकाशी येऊन उभा राहिला, ऑर्डरीचं बोलायले. मी मनात भैय्याजीची माफी मागतली, थाळीतला एक पानगा उचलला अन् मोडून तोंडात टाकला.

काय सांगू बापा. मीठ नाही, तिखट नाही, वरून झिंग्याचा उग्र दर्प. कोरडं पीठ टाळूले चिकटलं. हेच मी दोन आठवडे त्या मुक्या जीवापुढे ठेवून वरून म्हणत होतो, गाढवाले गुळाची चव काय. मी चावत राहिलो, डोळ्यात पाणी आलं, गिळलं.

टीनाची शेपूट हालली. तिनं मान खाली घातली अन् थाळीतले पानगे गपागप उचलले, पळसाच्या जळक्या पानाचा तुकडा बी सोडला नाही. मंग थाळी चाटत चाटत ओसरीच्या टोकापर्यंत ढकलत नेली. टेकचंदनं माझं तोंड पाह्यलं अन् ऑर्डरीचं उद्यावर ठेवून, फाटक लावून घरी गेला.

मी रुचिकाले फोन लावला अन् रिकामी थाळीच दाखवली. ती हसली बी अन् रडली बी. म्हणे, बाबा, ती लहान होती तवा माझ्या ताटात तोंड घाले, म्हणून मीच शिकवलं होतं, आधी मी, मंग तू. हे सांगाचं असते असं माझ्या ध्यानातच नाही आलं. मी म्हणलो, तिकिटाचं काय? म्हणे, नाही काढत. मी मोबाईल खाली ठेवला अन् भिंतीले टेकून बसलो.

थोड्या वेळानं पुन्हा मूठभर पीठ मळून अजून पानगे भाजले. एक माझ्यापुढे, बाकीचे टीनापुढे. निर्मलाबाई उभीच होती, आमचं होण्याची वाट पाहत.

“बस,” मी म्हणलो.

“तुमचं होऊ द्या.”

मी हातातला पानगा तसाच धरून ठेवला. मी खाईना म्हणून टीना खाईना. ती एक डाव माझ्याकडे पाहे, एक डाव पानग्याकडे, अन् मी निर्मलाबाईकडे. लाळ पुन्हा जमिनीले लागली.

“कुत्रीचे हाल पाहवत नाहीत म्हणून बसून राहिली,” निर्मलाबाई म्हणली, “तुमच्यासाठी नाही.” ती सूप बाजूले ठेवून माझ्याजवळ खाली बसली. तिच्या हातावर मी अर्धा पानगा मोडून ठेवला. वाफ निघून राहिली होती. तिनं फुंकर घातली, तुकडा तोंडात टाकला अन् सावकाश चावला. तेव्हा मी खाल्लं, अन् मंग टीनानं.

“मीठ नाही,” ती म्हणली.

“टीनाचं आहे ते.”

“माहीत आहे.” तिनं उरलेला तुकडा बी खाल्ला. मंग बोटावरची राख पदराले पुसत म्हणली, “तुमच्या हातचं गरम मी आजच खाल्लं.”

ती रागानं बोलली नाही. आज ऊन जास्त आहे असं सांगावं, तसं बोलली. मी उठलो, आतून पीठ अन् मिठाचा डबा आणला, अन् निखाऱ्यावर टाकायच्या आधी निर्मलाबाईच्या पानग्यात चिमूटभर मीठ घातलं.